दारातलं लोखंड

डेल्बर्ट हाइनमायरने किल्ली खाचेत घातली, पण फिरवली नाही. गाडीचं दार उघडंच ठेवून तो दोन पावलं मागे सरला आणि एक बोट वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. क्षणभर काहीच झालं नाही. मग डॅशबोर्डच्या आतून एक बारीक, चिडका आवाज सुरू झाला, तो थांबेचना.

"अमेरिकन," डेल्बर्ट म्हणाला.

भोवती जमलेली दहा-बारा माणसं खो खो हसली. गाडीचा मालक वेंडेल टोपी काढून कपाळ पुसत राहिला.

"दिवे जर्मनीहून मागवलेत मी, म्हाताऱ्या! बंपर हॅम्बुर्गहून आलाय. स्पीडोमीटरसुद्धा किलोमीटरचा बसवलाय. आणि तू एका भोंग्यावरून माझी गाडी बाद करतोस?"

"कपडे तिकडचे घातलेस रे तिला. जीभ इथलीच आहे." डेल्बर्टने किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. "किल्ली आत आणि दार उघडं दिसलं, की इथली गाडी ओरडणार. तिकडची नाही ओरडत. तिकडे गृहीत धरतात, की माणसाला स्वतःची अक्कल आहे."

गोन्झालेस गावात पशुखाद्याच्या दुकानासमोरच्या पटांगणात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जुन्या जर्मन गाड्या घेऊन लोक जमत. सत्तरीला आलेला डेल्बर्ट स्वतःची गाडी कधी आणत नसे. तो सेगीनहून आपल्या पिकअपमधून येई आणि गाड्यांमधून हात मागे बांधून हिंडत राही. एखादी गाडी जर्मनीच्या बाजारासाठी बनलेली की अमेरिकेच्या, यावर वाद पेटला की शेवटचा शब्द त्याचा. तिकडच्या गाडीला तिकडच्या लोकांमध्ये फारशी किंमत नसेल कदाचित, पण टेक्ससमध्ये तिचा मान वेगळा होता. तिचे बंपर अंगाबरोबर चिकटलेले, दिवे एकसंध काचेचे, इंजिन दमदार. त्यामुळे इथल्या गाडीला तिकडचा साज चढवून मिरवणारे वेंडेलसारखे बरेच होते, आणि डेल्बर्टने एकेकाचा साज उतरवला होता.

"मिस्टर डेल्बर्ट तुम्हीच ना?"

मागे पन्नाशीची एक बाई उभी होती. उन्हाने लाल झालेला चेहरा, डोळ्यांवरचा चष्मा केसांवर सरकवलेला.

"मी नेडीन. मोल्टनजवळून आले, बार्टोशांची मी. आमच्या गाडीकडे एकदा बघता का? मघापासून जो तो येतो आणि 'अमेरिकन' म्हणून निघून जातो. माझा भाऊही तेच म्हणतो. तो तर म्हणतो, भंगारात काढ. आणि आई मरेपर्यंत सांगत होती की गाडी जर्मनीहून जहाजाने आली."

गाडी दुकानाच्या सावलीत लावली होती. फिकट निळी मर्सिडीज, मागे २८० एसईची अक्षरं. पुढचे दिवे दोन-दोन गोल, अगदी अमेरिकन गाडीचे असतात तसे. येणारे-जाणारे तेवढं पाहून पुढे जात होते, यात त्यांची चूक नव्हती.

डेल्बर्ट आधी बंपरपाशी वाकला. दिव्यांच्या चौकटीवरून त्याने अंगठा फिरवला. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि दिव्याचं बटण ओढलं. ते एक टप्पा पुढे आलं, मग आणखी एक टप्पा.

"मागे जाऊन बघा बरं, डाव्या कोपऱ्यात जास्तीचा लाल दिवा लागला का?"

"लागला!"

"धुक्यातला दिवा तो. इथल्या गाडीचं बटण एवढं बाहेर येतच नाही." बटणाच्या बाजूला एक छोटी गोल चकती होती, ती त्याने फिरवली. "हे दिव्यांचा झोत वरखाली करायला. डिकीत ओझं असलं की समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. हेही इथे देत नसत. सीटवर कापड, चामडं नाही. आणि नंबर बघा." तो उतरला, बॉनेट उघडून त्याने लोखंडात ठोकलेल्या नंबरावर बोट टेकवलं. "तीन अक्षरं आणि पुढे सरळ आकडे. इथल्यासाठी बनली असती तर इथेही अक्षरं आली असती. दिवे, भोंगा, मैलांचा स्पीडोमीटर, हे सगळं नंतर बसवतात, काढतात. त्यावर जाऊ नका."

"म्हणजे?"

"अस्सल युरोपियन आहे, बाई. तुमच्या आई खरं सांगत होत्या."

वेंडेलने शिट्टी घातली. दोघे-चौघे पुन्हा जवळ आले आणि मघाशी आपणच काय म्हणालो ते विसरून गाडीची तारीफ करू लागले. नेडीनने तिथेच फोन लावला.

"मिल्टन, ऐकलंस का? अस्सल युरोपियन! हो, त्यांनीच सांगितलं, ज्यांचं सगळे मानतात त्यांनी. आता बोल!" तिने थोडा वेळ फोन कानाला धरला, मग हसत खाली घेतला. "गप्प बसलाय. हरला की असाच गप्प बसतो."

डेल्बर्टही हसला. ड्रायव्हरचं दार लावायला तो वळला, आणि दाराच्या कडेवर, बिजागरीच्या खाली, प्लास्टिकखाली चिकटवलेला एक पिवळट कागद त्याला दिसला. छापील मजकूर जवळजवळ उडाला होता. 'या वाहनाची चारही दारं नियमानुसार मजबूत करण्यात आली आहेत', एवढं वाचता येत होतं. त्याखाली शाईत दोन अक्षरं होती. डी. एच.

त्याने ती अक्षरं स्वतःच्या हाताने लिहिली होती.

"आईचा या गाडीवर फार जीव होता," नेडीन मागे उभी राहून बोलत होती. "चौऱ्याऐंशी साली ती ह्यूस्टनला जाऊन घेऊन आली, आम्ही दोघं मागे बसलो होतो. दुकानातल्या एका माणसाने म्हणे दारावर हात ठेवून तिला सांगितलं, 'बिनधास्त न्या पोरांना. आत लोखंड आहे.' ते ती आम्हाला हजार वेळा ऐकवायची. आता ऑगस्टमध्ये माझी मुलगी टेस शिकायला लबकला चालली आहे. आजीची गाडी तिलाच द्यायची ठरवली आहे मी. एवढ्या लांबचा रस्ता, म्हटलं निदान भक्कम गाडी तरी हवी."

डेल्बर्टने दार लावलं. ते गोड आवाज करून बसलं.

"दारांचे रबर गेलेत," तो म्हणाला. "काचाही जड चालत असतील. आठवडाभर माझ्याकडे सोडाल का? पोरगी एवढ्या लांब न्यायची तर बघून देतो."

"किती घ्याल?"

"काही नको. अशी गाडी हल्ली हाताखाली येत नाही."

*

त्या काळी डॉलर तेजीत होता. तेलाचा पैसा हातात खेळत होता, आणि लोक थेट जर्मनीत गाडी घेऊन ती जहाजात चढवत. ह्यूस्टनला उतरली की ठरलेल्या मुदतीत तिला अमेरिकन कायद्यात बसवून घ्यावं लागे. दिवे बदला, भोंगा लावा, धुराचं नळकांडं बदला आणि चारही दारांच्या आत आडवी पोलादी पट्टी वेल्ड करा. बाजूने कुणी धडकलं तर दार आत घुसू नये म्हणून ती पट्टी. तिकडच्या कायद्यात तेव्हा ती नव्हती. ही सगळी कामं करून देणारी दुकानं बंदराजवळ रांगेने उघडली होती. त्यांतल्या एका दुकानात डेल्बर्ट वेल्डर होता. वय तीस.

दिवे दिसतात आणि भोंगा ऐकू येतो, म्हणून ते बसवले जात. दाराच्या आतलं कुणाला दिसतं? एका दाराला अर्धा दिवस जाई. सरकारी कचेरीला पुरावा म्हणून फोटो लागत. दुकानाचा मालक फेरिस याने एका काळ्या गाडीची दारं उघडवून डेल्बर्टकडून चार सुरेख पट्ट्या जोडून घेतल्या, आणि त्यानंतर प्रत्येक गाडीसाठी त्याच दारांचे फोटो निघत राहिले. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी दिवा जरा खाली धरून. फोटोत दारापुढे एक पाटी ठेवायची असे, तिच्यावर खडूने त्या-त्या गाडीचा नंबर. पाटीवर नंबर लिहायचं काम डेल्बर्टचं होतं, कारण त्याचं अक्षर चांगलं होतं. लिहायचा, फोटो झाला की ओल्या फडक्याने पुसायचा, पुढचा नंबर लिहायचा. दोन वर्षं. किती नंबर लिहिले ते त्याने कधी मोजलं नाही.

पट्ट्या नक्की टाकल्यात ना, असं गिऱ्हाईक विचारायचंच. बायका जास्त. मग तो दारावर हात ठेवायचा. ते वाक्य त्याने एकट्या नेडीनच्या आईला, अल्बिना बार्टोशला नाही, सगळ्यांनाच सांगितलं होतं. त्यामुळे दोन पोरांना घेऊन आलेली कुणी बाई त्याला आठवेना. निळी गाडीही आठवेना. त्या शनिवारी दुपारी घरामागच्या शेडमध्ये गाडीसमोर पालथ्या बादलीवर बसून तो ते आठवायचा प्रयत्न करत राहिला, आणि आठवत नाही याचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुकान शहाऐंशीत बंद पडलं. फेरिस केव्हाच वारला. कुणीही काहीही विचारायला आलं नाही. डेल्बर्टने पुढे तीस वर्षं धान्याच्या कोठ्यांची वेल्डिंगं केली, आणि त्यांत एकही टाका त्याने कच्चा घातला नाही.

*

सोमवारी सकाळी त्याने डावं पुढचं दार उघडलं. आतलं कव्हर काढलं, ओल अडवणारा कागद सोलून बाजूला केला आणि बॅटरीचा झोत आत टाकला. काच सरकायची पट्टी, कुलपाची सळई, तळाशी चाळीस वर्षांची धूळ आणि एक वाळलेली गांधीलमाशी. बाकी पोकळी. डावं मागचं, तसंच. उजवं पुढचं, तसंच. त्याला माहीत होतं, तरी प्रत्येक दारात त्याने झोत कोपऱ्यापर्यंत फिरवून पाहिला.

अकराच्या सुमारास वेंडेल आला, हातात कागदात गुंडाळलेली सॉसेजेस.

"अरे, ही त्या बाईची! दारं कशाला फाडलीस?"

डेल्बर्टने त्याला बॅटरी दिली. वेंडेलने आत पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काय बघायचं? काहीच नाही इथे."

"तेच बघायचं आहे."

मग त्याने सांगितलं. पाटी, खडू, काळी गाडी, सगळं. चाळीस वर्षांत हे तो पहिल्यांदाच कुणापुढे बोलत होता आणि बोलायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वेंडेल सॉसेजचा कागद उलगडून पुन्हा गुंडाळत राहिला.

"तुझी स्वतःची गाडी आहे ती, पंच्याऐंशीची," तो शेवटी म्हणाला, "पाचशेवाली, माझ्या मेहुण्याकडून घेतलेली. ती कुठल्या दुकानातून आली होती रे?"

"माहीत नाही. उघडून बघावं लागेल."

"हं." वेंडेल उठला. "हे बघ, मी तुझा मित्र म्हणून सांगतो. तुला वेल्डिंग येतं. पट्ट्या टाक, कव्हरं लाव, गाडी देऊन ये. बाई खूश, पोरगी सुखरूप, विषय संपला. सांगून काय मिळणार आहे? तिच्या आईची आठवण कशाला नासवतोस?"

"तसंच ठरवलं आहे मी," डेल्बर्ट म्हणाला.

आणि खरंच त्याने तसंच ठरवलं होतं.

वेंडेल गेल्यावर त्याने शेवटचं दार घेतलं, उजवं मागचं. कव्हराचे स्क्रू निराळे होते, हे त्याला लगेच दिसलं. ते कधीतरी कुणीतरी उघडलं होतं. आतला कागद नव्हताच. त्याने बॅटरीचा झोत आत टाकला.

दारात लोखंड होतं. पट्टी नव्हे, तेलविहिरीवर वापरतात त्या पाइपाचा जाडजूड तुकडा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जोडलेला. वेल्डिंग गचाळ होतं, कबुतराने शिटावं तसे गोळे. हे शिकलेल्या माणसाचं काम नव्हतं. पण गोळ्यांवर गोळे घातले होते, जिथे चार पुरले असते तिथे बारा. डेल्बर्टने पहार घालून जोर लावून पाहिला. पाइप हलला नाही. पाइपाच्या मागे दाराचा बाहेरचा पत्रा हातोडीने ठोकून सरळ केलेला होता. घाव मोजता आले असते. बाहेरून पुट्टी आणि रंग इतका नीट होता, की शनिवारी त्याच्याही नजरेला तो आला नव्हता.

त्याने हात पुसले आणि नेडीनला फोन लावला.

"बाई, गाडीला उजवीकडून कधी धडक बसली होती का? मागच्या दाराला?"

"अरे वा, तुम्हाला कळलं वाटतं!" तिचा आवाज खुलला. "अठ्ठ्याऐंशी साली. जिनिंग मिलपाशी जो चौक आहे ना, तिथे. कापसाच्या हंगामात. एक पिकअप न थांबता आला आणि बसला दारात. मिल्टन होता त्या बाजूला, नऊ वर्षांचा. त्याचं खुब्याचं हाड मोडलं, तीन ऑपरेशनं झाली. अजून एक पाय आखूड आहे त्याचा. पण वाचला! डॉक्टर म्हणाले, कसा वाचला देव जाणे. आई म्हणायची, देव जाणे ते खरंच, पण त्या दारातलं लोखंडही जाणे. दर ख्रिसमसला जेवणाआधी प्रार्थना म्हणताना ती त्या दुकानातल्या माणसालाही आशीर्वाद मागायची. नाव माहीत नव्हतं, तर 'ह्यूस्टनचा तो भला माणूस' म्हणायची. आम्ही हसायचो."

डेल्बर्टने काहीतरी उत्तर दिलं. रबराबद्दल असावं. फोन ठेवल्यावर तो शेडच्या दाराशी जाऊन उन्हात उभा राहिला. पट्टी असती तर खुबा वाचला असता का? कदाचित. कदाचित नसताही. पिकअप किती वेगात होता, कुठे लागला, हे आता कुणी सांगू शकत नव्हतं. त्याला एवढंच समजलं, की हा प्रश्न यापुढे रोज सकाळी त्याच्या आधी उठणार आहे.

तीन दिवस त्याने काम केलं. उत्तम पोलाद आणलं, पट्ट्या मापात कापल्या, रंग जळू नये म्हणून पत्र्यावर ओली फडकी लावली. हात पूर्वीसारखा स्थिर राहत नव्हता. दर चार बोटांवर थांबून तो मनगट दुसऱ्या हाताने धरायचा. तीन दारं झाली. चौथ्या दारातल्या पाइपाला त्याने हात लावला नाही.

*

शुक्रवारी तो गाडी घेऊन मोल्टनला निघाला. वेंडेल मागून पिकअप घेऊन येणार होता, परत न्यायला. वाटेत डेल्बर्टने ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गाडी नेली नाही.

बार्टोशांचं घर रस्त्यापासून आत, पेकनच्या झाडांखाली होतं. अंगणात पंचेचाळिशीचा एक माणूस कुंपणाची तार ताणत होता. गाडी थांबलेली पाहून तो पक्कड हातात घेऊनच आला. एक बूट जाड तळव्याचा, तरी प्रत्येक पावलाला खांदा खाली जात होता.

"मी मिल्टन. नेडीन आत आहे, ओव्हनपाशी. सकाळपासून तुमच्यासाठी रांधतेय." त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "दारं उघडली होतीत ना?"

"हो."

"चारही?"

"चारही."

मिल्टन उजव्या मागच्या दारापाशी थांबला. त्याने दार उघडलं नाही.

"मग यात काय दिसलं?"

डेल्बर्टने घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत भांड्यांचा आवाज येत होता.

"पाइप," तो म्हणाला. "तेलविहिरीवरचा. कुणीतरी मागाहून जोडलेला."

"बाबांनी. ते तेलविहिरींवर होते तेव्हा. मी इस्पितळात असताना त्यांनी हे दार सरळ करायला उघडलं आणि त्यांना आत काहीच सापडलं नाही. मी सोळा वर्षांचा झालो, गाडी मागायला लागलो, तेव्हा त्यांनी कव्हर काढून मला दाखवलं. म्हणाले, आईला कधी सांगायचं नाही." मिल्टन पक्कड उघडझाप करत होता. "त्या दिवशी आम्ही भावंडं मागे भांडत होतो. आईने गाडी थांबवून आमच्या जागा बदलल्या. मला तिने स्वतः उचलून या बाजूला बसवलं होतं. बाबा म्हणाले, दार रिकामं होतं हे तिला कळलं, तर ती स्वतःलाच दोष देत मरेल."

"बाकीची तीन दारं?"

"ती उघडली असती तर तिने विचारलं असतं, कशाला उघडता म्हणून. म्हणून तशीच राहिली. बाबा गेले. मग मी गप्प बसलो. आई फेब्रुवारीत गेली, आणि नेडीन म्हणाली, गाडी टेसला देते." तो पहिल्यांदाच डेल्बर्टकडे सरळ बघत बोलू लागला. "बहिणीला आईबद्दल असं काही सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हणून म्हटलं, गाडीच खोटी आहे म्हणून सांगावं. अमेरिकन आहे, दिव्यांवरून दिसतंच आहे, विकून टाक. जवळजवळ पटलं होतं तिला. मग ती तुमच्याकडे गेली."

"मी खरं तेच सांगितलं."

"हो. तेवढं एक खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं."

डेल्बर्टने टोपी काढली.

"दाराच्या कडेवर कागद आहे," तो म्हणाला. "डी. एच. लिहिलेलं. ते मी. तुमच्या आईला ज्याने दारावर हात ठेवून सांगितलं, तो मी. दारात काही नाही हे मला तेव्हा माहीत होतं."

पेकनच्या झाडात एक पक्षी मोठमोठ्याने ओरडत होता. मिल्टनने पक्कड पॅन्टच्या मागच्या खिशात खोचली. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही. फक्त त्याने वजन चांगल्या पायावर घेतलं आणि गाडीच्या टपावर कोपर टेकलं, जणू बराच वेळ उभं राहावं लागणार आहे.

"सोळाव्या वर्षी मी ठरवलं होतं, तो माणूस भेटला तर काय करायचं," तो म्हणाला. "विसाव्या वर्षी दुसरंच काही ठरवलं. पुढे दरवर्षी बदलत गेलं. आता तुम्ही समोर उभे आहात आणि मला एकही आठवत नाही."

"तीन दारांत मी पट्ट्या टाकल्यात. पक्क्या. चौथ्यात तुमच्या वडिलांचा पाइप आहे, तो माझ्या पट्टीपेक्षा मजबूत आहे. टेसला गाडी न्यायला हरकत नाही."

"ते बरं केलंत."

"मी गुपचूपच देऊन जाणार होतो. वाटेत मन बदललं."

"का?"

"तीन दारं चाळीस वर्षं रिकामी राहिली," डेल्बर्ट म्हणाला. "कुणी बोललं नाही म्हणून."

मिल्टनने मान डोलावली. तेवढ्यात जाळीचं दार आपटलं आणि नेडीन ओसरीवर आली. हातात मोठी थाळी, तिच्यावर जर्दाळू आणि खसखस भरलेले छोटे गोड पाव, कोलाची, अजून वाफ येत असलेले.

"काय हो, उन्हात काय उभे राहिलात दोघं? वर या! मिल्टन, त्यांना आत आण ना, तुला काही रीतभात आहे का?"

मिल्टन हलला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "मी नाही सांगणार तिला. माझं माझ्या वाटचं गप्प बसून झालंय. तुम्हीच जा आणि सांगा."

डेल्बर्ट ओसरीच्या तीन पायऱ्या चढला. नेडीनने थाळी पुढे केली.

"आधी एक खाऊन बघा. आईच्या हातची सर नाही, पण पीठ तिच्याच पद्धतीचं. ती म्हणायची, तो ह्यूस्टनचा माणूस कधी भेटला तर एक डझन त्याच्या हातावर ठेवीन."

"नेडीनबाई, थाळी जरा खाली ठेवा. त्या माणसाबद्दलच बोलायचं आहे."

तिचे डोळे चमकले. "सापडला की काय तुम्हाला? अजून आहे?"

"हो," डेल्बर्ट म्हणाला. त्याने भिंतीजवळची खुर्ची ओढून तिच्यासमोर ठेवली. "बसा तुम्ही. उभ्याने ऐकण्यासारखं नाही ते."